सहाव्या प्रकरणापर्यंत

जागतिक व्यवहार हा विषय मी निवडला नव्हता. तो माझ्या वाट्याला आला. प्रवेश अर्जात दुय्यम विषय म्हणून मी इतिहास लिहिला होता. खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज चाळला, इतिहासाच्या जागा भरल्याचे सांगितले आणि मान वर न करता विचारले, "जागतिक व्यवहार चालेल ना?" माझ्यामागे बरीच रांग होती. मी "चालेल" म्हटले. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात बहुतेक प्रश्नांना मी हेच उत्तर देत आले होते.

कापड गिरण्यांचा संप सुरू होऊन पाच महिने झाले होते. गिरगावातले ते कॉलेज सकाळी सातला भरे आणि पावणेदहाला सुटे, म्हणजे नोकरी करणाऱ्यांची सोय होई. मी फोर्टातल्या एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करीत होते. मॅट्रिकला मला चांगले गुण होते. शाळेसाठी मला गिरगावात मावशीकडे ठेवले होते. शाळेतल्या बाईंनी पुढे शिकण्याबद्दल दोनदा सुचवलेही होते. घरातून कोणी नको म्हटले असते असे नाही. मी विचारलेच नाही. त्यानंतर अकरा वर्षांनी मी अर्ज भरला, तो ज्ञानाच्या ओढीने भरला असे आज लिहिणे शोभून दिसेल. पण खरे कारण वेगळे होते. आमच्या लालबागच्या खोलीत पहाटे उठून, दाढी करून, कुठेही जायचे नसलेले वडील खाटेच्या कडेवर बसलेले असत. त्यांच्याकडे पाहत चहा पिणे मला जमेनासे झाले होते. सकाळी लवकर घराबाहेर पडायला मला सबळ निमित्त हवे होते.

वडील मिलमध्ये साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. सव्वीस वर्षे दोन साचे त्यांच्या हाताखाली होते. बोलणे मोजके. त्यांना एक सवय होती. कोणतेही कापड समोर आले की त्याचा काठ ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच चोळीत. पाहुण्याच्या सदऱ्याची किनार असो, देवळात भटजींच्या खांद्यावरचे उपरणे असो, त्यांची बोटे तिकडे जातच. काठ सांगतो, असे ते म्हणत. मधले कापड कोणीही नीट विणतो, विणकराचा हात काठावर कळतो. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी नेसलेल्या सुती साडीचा पदर त्यांनी असाच चोळून पाहिला आणि "बरी आसा" म्हणून सोडून दिला. घरात आई-वडील मालवणी बोलत आणि मी मावशीकडे शिकलेली पुस्तकी मराठी. त्यावरून ते मला कधी कधी "आमच्या बाई" म्हणत.

वर्गात आम्ही अकरा जण होतो. बाकीचे माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. मी शेवटच्या बाकावर भिंतीकडेला बसे. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या आसपासच्या होत्या आणि बहुधा त्यामुळेच मला "अहो" म्हणत, ज्याने मला अधिकच चोरट्यासारखे होई. पाठ्यपुस्तक एकच होते, त्याच्या ग्रंथालयात तीन प्रती होत्या. पहिल्याच तासाला बाईंनी सांगितले की पुस्तकात बारा प्रकरणे आहेत, मुख्य विषय घेतलेल्यांना ती सगळी आहेत, दुय्यमवाल्यांना पहिली सहा. माझ्या हाती आलेल्या प्रतीत सहाव्या प्रकरणाच्या अखेरीस कोणीतरी पट्टी धरून पेन्सिलीने आडवी रेघ मारली होती आणि खाली लिहिले होते, 'दुय्यम: येथपर्यंत'. मी नेमलेले तेवढेच वाचणारी विद्यार्थिनी होते. त्या रेघेखालचा मजकूर मी उघडून पाहिला नाही. तो माझा नाही, असेच मला वाटले.

सहावे प्रकरण कापडाच्या जागतिक व्यापाराविषयी होते. श्रीमंत देश गरीब देशांकडून दरवर्षी किती कापड घ्यायचे हे आधीच ठरवून टाकतात. प्रत्येक देशाला वाटा मिळतो, आणि देशात तो गिरण्या व व्यापारी यांच्यात वाटला जातो. वाटा वर्षात भरला नाही तर पुढच्या वर्षी तो कमी होतो किंवा दुसऱ्याकडे जातो. बाई हे शिकवीत असताना मी टिपणे घ्यायची थांबले. पुस्तकातली आणि आमच्या खोलीतली गोष्ट एकच असू शकते हे मला तोपर्यंत कधी सुचले नव्हते. त्या आठवड्याचा निबंध मी तीनदा लिहून काढला. त्यात मी मांडले की गिरण्या दीर्घकाळ बंद ठेवणे मालकांना परवडणारे नाही, कारण वाटा हातचा जाईल; तेव्हा कामगारांना परत बोलावण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. वही परत आली तेव्हा तांबड्या शाईत लिहिले होते, 'विवेचन नेटके. मुद्दा पटतो.' ही दोन वाक्ये मी बसमध्ये पुन्हा पुन्हा उघडून वाचली. माझा एखादा मुद्दा कोणाला पटल्याचे मला त्याआधीचे उदाहरण आठवत नाही.

निबंधाविषयी मी घरी एकदाच बोलले, तेही आईला, भाकरी भाजताना. पण आमच्या मजल्यावर एका खोलीतली गोष्ट दुसऱ्या खोलीत जायला वेळ लागत नसे. दोन दिवसांत मजल्यावरची माणसे मला थांबवून विचारू लागली की जगाचे काय चालले आहे आणि मिल कधी उघडणार. कोणी थट्टेने विचारी, कोणी अगदी मनापासून. शेजारच्या आजींनी एकदा आमच्या दारातून वास घेत म्हटले, "जगाचा कळता गो तुका, आणि भात करपलो तो कळाक नाय?" सगळे हसले. मीही हसले. परंतु मला ते सगळे आवडू लागले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या आधी मिलचे रजिस्टर पत्र आले. इंग्रजीत होते. मी ते वडिलांना मराठीत सांगितले: ठरावीक मुदतीत हमीपत्रावर सही करून कामावर हजर व्हावे, अन्यथा नाव मस्टरवरून कमी केले जाईल. वडिलांनी ते एकदा पूर्ण ऐकले आणि शेवटचे वाक्य पुन्हा सांगायला लावले.

त्याच रविवारी दुपारी वडिलांचे जोडीदार आले. त्यांचे साचे वडिलांच्या साच्यांना लागून होते. सव्वीसपैकी बावीस वर्षे दोघे एका ओळीत उभे राहिले होते. साच्यांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून विणकर ओठांच्या हालचालीवर बोलतात. या दोघांना त्याचीही गरज पडत नसे. ते आमच्याच मजल्यावर टोकाला राहत आणि मी त्यांना काका म्हणे. एरवी आत येऊन खाटेवर बसणारे काका त्या दिवशी उंबऱ्यातच टेकले. त्यांनी सांगितले की हजर होणाऱ्यांना नेण्यासाठी मिलची गाडी परळच्या बाजूला एका गल्लीत सकाळी उभी असते, बरोबर पोलीस असतात, आतल्या फाटकाने घेतात. कोण कोण गेले याची पाच-सहा नावेही त्यांनी सांगितली. वडील खाली पाहत होते.

काका उठले. "मी उद्या जातंय," ते म्हणाले. "येतस तर ये. मागसून माका बोलू नको."

जाणे सोपे नव्हते. जे गेले होते त्यांच्या दारांना लोकांनी हिरव्या बांगड्यांच्या माळा बांधल्या होत्या. त्यांच्या बायकांना नळावर जागा मिळत नसे. न जाणेही सोपे नव्हते. वडील एकावन्न वर्षांचे होते. साच्यापलीकडचे कोणतेही काम त्यांच्या हाताला ठाऊक नव्हते, आणि मस्टरवरून एकदा नाव गेले की या वयात दुसरी कोणती मिल त्यांना उभे करणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळत होते.

वडिलांनी मान वर केली, ती माझ्याकडे पाहण्यासाठी.

"तू जगाचा शिकतस मा," ते म्हणाले. "मगे तूच सांग. जाव की थांबू?"

मी उत्तर देण्याआधी आई म्हणाली, "तिका कित्याक इचारतास? पुस्तकात काय मिल असता?"

आई बरोबर बोलत होती. मी गप्प राहिले असते, मला ठाऊक नाही असे म्हटले असते, तर ते खरे ठरले असते आणि माझ्या स्वभावालाही धरून झाले असते. पण आईचे ते वाक्य मला लागले. खिडकीशी, कचेरीत, वर्गात सगळीकडे "चालेल" म्हणत आलेल्या मला त्या क्षणी एक मत होते, त्यावर तांबड्या शाईची मोहोर होती, आणि माझ्या वडिलांनी ते मागितले होते. जेवढी खात्री होती त्याहून अधिक ठामपणे मी बोलले.

"थांबा बाबा. त्यांना कापड लागणारच. बाहेरदेशी पाठवायचा वाटा वर्षात भरला नाही तर तो हातचा जातो. पाच-सहा जणांना गाडीतून नेऊन तो भरणार आहे का? सगळ्यांना बोलवावंच लागेल."

वडिलांनी विचार केला. "म्हंजे आमच्याशिवाय तेंचा भागाचा नाय."

"नाही भागणार."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते ट्रंकेत तळाच्या कागदाखाली ठेवले. आई भांडी घासायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काका गेले. आठवड्याच्या आत त्यांच्या दाराला बांगड्या लागल्या. कोणी बांधल्या हे मजल्यावर सर्वांना ठाऊक होते आणि विचारले असते तर कोणालाच ठाऊक नव्हते. वडील त्यात नव्हते. पण त्या सोडायलाही ते गेले नाहीत. दोघांचे बोलणे थांबले. काका संध्याकाळी परत येत तेव्हा खालच्या नळावर डोके ओले करून मग जिना चढत, कारण दहा महिने आमच्या चाळीत कोणाच्याही केसांत कापसाचे तूस दिसले नव्हते आणि आता ते त्यांच्या एकट्याच्याच केसांत दिसणार होते. तरी भुवयांत थोडे राहून जाई. गॅलरीतून ते गेले की वडील त्यांच्या कपाळाकडे पाहत. एवढीच त्यांची भेट.

पत्रातली मुदत संपली. नंतर दुसरे पत्र आले, तेही मीच वाचून दाखवले. नाव कमी झाले होते. मी वडिलांना म्हटले की हा दबाव आणण्याचा प्रकार आहे, वर्षअखेर जवळ येऊ द्या. वर्षअखेर आली आणि गेली. मी वर्गात त्याच बाकावर बसून टिपणे घेत राहिले. मला वडिलांनी पुन्हा काही विचारले नाही. मजल्यावरच्या लोकांनीही विचारणे बंद केले होते. कोणी गावाला निघून गेले होते, कोणी दादरच्या पुलाखाली भाजी घेऊन बसत होते.

फेब्रुवारीत आईच्या एका नात्यातल्याने वडिलांना दादरमधल्या कापडाच्या दुकानात लावून दिले. गिऱ्हाइकांसमोर उलगडलेले तागे पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवणे हे त्यांचे काम. विकणारी मुले त्यांना "मामा" म्हणत आणि घडी चुकली की हसून सांगत, "मामा, विणायचं नाय, गुंडाळायचं." हे त्यांनीच आम्हाला सांगितले, कोणताही भाव न आणता. कापडाविषयी त्या दुकानात त्यांच्याइतके कोणाला कळत नव्हते, आणि त्याविषयी तोंड उघडायचे नाही हीच कामाची पहिली अट होती.

एका संध्याकाळी ते आले आणि खिशातून कापडाचा वीतभर तुकडा काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. ताग्याच्या तोंडाचा, शिक्क्याचा भाग होता तो. दुकानात तो कापून टाकतात.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचले. वडिलांच्या मिलचे नाव होते, आणि त्याखाली इंग्रजीत, निर्यातीचा माल. कुठल्या तरी कारणाने माघारी फिरून तो दादरच्या फळीवर आला होता.

"आता हात लाव."

मी काठ बोटांत धरला. मला काहीच कळले नाही. त्यांनी माझ्या बोटांवर आपली बोटे ठेवून तो चोळला. "सैल," ते म्हणाले. "दोरो खेचूक नाय. ह्या आमच्या साच्यावरचा न्हय." मग तुकडा खिशात घालून ते बाहेर पडले. गॅलरीतून त्यांना टोकाच्या खोलीकडे जाताना मी पाहिले. चार महिन्यांनंतर ते त्या दारात उभे राहिले होते.

परत आल्यावर त्यांनी थोडक्यात सांगितले. साचेखात्यात दोनच ओळी चालतात. भिवंडीहून ट्रक येतात, तिथल्या यंत्रमागांवरचे कोरे कापड घेऊन. मिलमध्ये ते फक्त धुतले जाते, त्याला खळ लागते आणि मिलचा शिक्का बसतो. संप सुरू झाल्यापासूनच असे चालले आहे. काकांनी हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारणार होते. पण कोणाला सांगणार होते ते?

वडील खाटेच्या कडेवर बसले. माझ्याकडे न पाहता, एखादा हिशोब जुळल्यासारखे ते म्हणाले, "म्हंजे वाटो भरलो तेंचो."

दुसऱ्या दिवशी तास न करता मी ग्रंथालयात गेले आणि ते पुस्तक मागितले. पेन्सिलीच्या रेघेनंतर पान उलटले. सातव्या प्रकरणाच्या दुसऱ्याच परिच्छेदात, कुठलाही आव न आणता, सारे लिहिले होते: हा वाटा निर्यात करणाऱ्याच्या नावावर असतो, मागावर नाही, तो कुठून भरायचा हे तो ठरवतो, म्हणूनच जुन्या गिरण्या बंद पडल्या तरी निर्यात बंद पडेलच असे नाही, शहराबाहेरचे यंत्रमाग ती जागा घेतात. चार-साडेचार ओळींचा मजकूर. मी जे सहा महिने पाठ केले होते त्याला लागूनच, एका पानाच्या अंतरावर.

तास संपल्यावर मी बाईंना गाठले. शिकवल्याव्यतिरिक्त काही विचारण्यासाठी त्यांच्यासमोर उभी राहण्याची ती माझी पहिलीच वेळ. मी माझ्या निबंधाची आठवण दिली आणि हा मुद्दा त्यात यायला हवा होता का, असे विचारले. त्यांनी थोडे आठवून पाहिले.

"अहो, ते सातव्यात आहे," त्या समजुतीने म्हणाल्या. "दुय्यमला नाही ते. तुम्ही सहाव्यापर्यंत उत्तम लिहिलं होतंत." आणि मी तशीच उभी राहिल्यावर, "का, काही अडचण आहे?"

मी "नाही" म्हटले. त्या चांगल्या होत्या. त्यांना मी काय सांगणार होते? त्यांनी मला एका निबंधावर दोन वाक्ये दिली होती. ती घरी नेऊन त्यांचे जे केले, ते मी केले होते.

निवृत्तीनंतर मला लिहायला बसण्याची सवय लागली, तेव्हा पहिल्यांदा मनात आले ते हेच, आणि तीन वह्या दुसऱ्याच विषयांवर भरून झाल्यावर आज मी याला हात घालते आहे. काकांनाही फार काही मिळाले असे नाही. पुढे तीन वर्षांनी त्या दोन ओळीही थांबल्या. पण ती तीन वर्षे ते आपल्या साच्यासमोर उभे होते. माझ्या वडिलांच्या नशिबी तेही आले असते की नसते, हे मला सांगता येणार नाही. एवढेच सांगता येते की ते त्यांनी मला विचारले होते.

कापडाचा तो तुकडा घरी आला त्याच वर्षी एप्रिलमध्ये परीक्षा झाली. जागतिक व्यवहाराच्या प्रश्नपत्रिकेत तिसरा प्रश्न कापडाच्या व्यापारातील वाट्यांच्या पद्धतीचे परिणाम सांगा असा होता. मी सहाव्या प्रकरणातले मुद्दे क्रमाने लिहिले. अखेरचा मुद्दा लिहून झाला तेव्हा अर्धा तास उरला होता आणि उत्तरपत्रिकेत कोरी पाने होती. सातव्या प्रकरणातला तो परिच्छेद मला पाठ होता. भिवंडीच्या ट्रकांविषयी तर मी पुस्तकाबाहेरचेही लिहू शकले असते. मी पेनाला टोपण लावले आणि घंटा होईपर्यंत हातांची घडी घालून बसले. त्या पेपरात मला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले.

घरी आले तेव्हा वडील दुकानातून आलेले होते. त्यांनी पेपर कसा गेला ते विचारले. मी बरा गेला म्हटले. काय आले होते, असे त्यांनी विचारले. खोटे सांगणे शक्य होते, पण त्यांच्याशी खोटे बोलण्याचे धाडस माझ्यात नव्हते. मी प्रश्न सांगितला.

"मगे काय लिवलस?"

"पुस्तकात होतं तेच."

"बरा केलस," ते म्हणाले.

दोरीवर माझी सुती साडी वाळत होती, पहिल्या दिवशी नेसले होते तीच. त्यांनी ती खाली ओढली, दोन्ही हातांनी झटकली, आणि दुकानात शिकले होते तशी, गुडघ्यावर टाकून, मधोमध धरून तिची घडी घातली. काठाला त्यांनी बोट लावले नाही.